रेकॉर्डवरचा चेला

माझ्या कानांचा उपयोग काय, असा प्रश्न एका गृहस्थानं छापून विचारला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

गृहस्थ मुंबईचे होते आणि त्यांनी तो मला उद्देशून विचारला नव्हता, हे मला मान्य आहे. एका दिवाळी अंकात त्यांचा लेख आला होता, फेलिक्स ओरबान नावाच्या जगप्रसिद्ध चेलोवादकावर. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, गुडघ्यांत धरून वाजवतात. लेखाचा मतलब असा, की ओरबान म्हातारा झाल्यावर साऱ्या जगानं त्याला डोक्यावर घेतलं, तेव्हाच्या तबकड्या कुणीही ऐकेल. पण खरा ओरबान ऐकायचा तर तरुणपणीचा, नाव व्हायच्या आधीचा. आणि मग शेवटचं वाक्य : 'ज्यांनी या सुरुवातीच्या तबकड्या ऐकल्या नाहीत, त्यांना परमेश्वराने कान केवळ चष्मा अडकवण्यासाठी दिले आहेत, असे समजावे.'

मला चष्मा आहे. चांगला जाड भिंगांचा आहे.

"अहो, त्यांनी तुम्हाला कुठं म्हटलंय?" सौ. म्हणाली.

"मग या घरात चष्मा कुणाला आहे?" मी म्हणालो. ती भाकरी थापायला निघून गेली, पण जाताना हसली, हे मी चष्म्यातून स्पष्ट पाहिलं.

मी तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून. माझ्या सहीशिवाय आमच्या तालुक्यात सात-बाराचा कागद हलत नाही. अशा माणसाचे कान म्हणजे चष्म्याची खुंटी, हे ऐकून घेणं मला शक्य नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, ओरबानची सुरुवातीची तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. मग मी चष्मा कानावर अडकवायला मोकळा.

बाहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी कचेरीच्या कामाला नगरला गेलो होतो. सौ.नं स्टोव्हचा वायसर आणायला सांगितलं होतं. वायसर शोधता शोधता जुन्या बाजारात एका फडक्यावर मला तो दिसला. खिळे, कुलपं, एका पायाचा बूट आणि त्यांच्यात फेलिक्स ओरबान! कागदी पाकिटावर फोटो होता. भरपूर केस, मिटलेले डोळे आणि गुडघ्यांत ते भलंमोठं वाद्य. दोन तबकड्या होत्या, जाडजूड, काळ्या, जुन्या पद्धतीच्या. मी घासाघीस न करता पैसे मोजले. एस.टी.त दोन्ही तबकड्या मांडीवर घेऊन, कंडक्टरनं दोनदा "पापड हायेत का?" विचारलं तरी न रागावता, घरी आलो. वायसर राहिला. त्याबद्दल जे ऐकावं लागलं, ते मात्र कानांचा उपयोग चष्म्यापलीकडे आहे हे सिद्ध करणारं होतं.

आता ऐकायचं कशावर? घरात रेडिओ होता, पण रेडिओत तबकडी घालता येत नाही. हा विचार चालू असताना आबासाहेब आले. आबासाहेब शेजारच्या घरातले निवृत्त हेडमास्तर. सल्ला देण्याच्या बाबतीत ते अजून निवृत्त झालेले नाहीत. त्यांनी एक तबकडी डोळ्यांसमोर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि निदान केलं.

"टोकेकर, हिला बाक आलाय."

"बाक?"

"थंडीनं आखडलीय. उन्हात ठेवा तासभर, आपोआप सरळ होईल. लाकडाचं तसंच असतं, माणसाचं तसंच असतं."

नगर जिल्ह्यातलं चैत्रातलं ऊन काय असतं, हे मी जन्मापासून जाणतो. तरीही हेडमास्तर या शब्दाचा माणसाच्या मनावर असा पगडा असतो, की मी ती तबकडी न्हाणीच्या पत्र्यावर, सौ.च्या पापडांच्या शेजारी नेऊन ठेवली. तासाभरानं वर गेलो. पापड वाळले होते. तबकडीची मात्र छान खोलगट परात झाली होती.

आबासाहेबांनी ती हातात घेऊन बघितली. "हिच्यात मुळातच दोष असणार," ते म्हणाले आणि घरी गेले. सौ.नं दुसऱ्याच दिवशी त्या परातीत माती भरून मरवा लावला. मध्ये भोक असल्यानं पाणी छान निचरतं, असं ती सगळ्यांना सांगते. जगप्रसिद्ध चेलोवादकाच्या तरुणपणातून आमच्या दारात मरवा उगवला.

राहिली एक तबकडी. तिला मी कपाटात, धोतरांच्या घडीत ठेवली आणि आबासाहेबांना ती फुटली असं सांगितलं.

तबकडी वाजवायचं यंत्र गावात एकाकडेच होतं. शमशेर लाउडस्पीकरवाला. तालुक्यातलं एकही लग्न शमशेरच्या भोंग्याशिवाय लागत नाही. त्याचं दुकान बाजारतळावर आहे. मी गेलो तेव्हा तो एका वायरची साल दातांनी सोलत होता.

"शमशेरभाई, मला चेलो ऐकायचाय."

"कुनाचा चेला?" शमशेरनं वायर तोंडातून काढली.

"चेला नाही, चेलो. परदेशातलं वाद्य आहे. माझ्याकडं तबकडी आहे. तुमचं यंत्र घरी आणायचं, मी ती ऐकणार. एकटा. शांतपणे."

"यंत्र आनतो, भाऊसाहेब. पन एकट्याला कसं ऐकू येनार?"

"का?"

"माझ्याकडं छोटा स्पीकर न्हाई. भोंगाच हाय. भोंगा घरात लावला तर कौलं खाली येतील. त्यो छपरावरच बांधावा लागतो."

मी खूप समजावून पाहिलं. भोंग्याला गोधडी गुंडाळता येईल का, असंही विचारलं. शमशेर म्हणाला, भोंग्याला गोधडी गुंडाळली तर आवाज मशीनमदी परत येतो नि मशीन फुटतं. हे खरं की खोटं देव जाणे, पण मी कारकून आहे, यंत्रातलं मला काय कळतं? शेवटी असं ठरलं, की भोंगा छपरावर बांधायचा, तोंड मोकळ्या शेताकडे करायचं आणि दुपारी गाव झोपलेलं असताना हळूच ऐकून घ्यायचं.

शेताच्या बाजूला शेजारच्या झुंबरबाईचा गोठा आहे, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शमशेरनं मशीन मांडलं, तबकडी ठेवली, पिन टेकवली. मी डोळे मिटले. पाकिटावरच्या ओरबाननंही मिटले होते. आणि छपरावरून असा एक आवाज निघाला, की माझे डोळे आपोआप उघडले. जमिनीखाली कुणीतरी मोठं जनावर गाडलंय आणि ते आता उठून बसतंय, असं काहीतरी. शमशेर घाबरून मशीनपासून लांब सरकला.

"ह्येच का त्ये वाद्य?" त्यानं विचारलं.

तेवढ्यात गोठ्याकडून मोठ्ठं हंबरणं ऐकू आलं, मग बादली पडल्याचा आवाज, मग झुंबरबाईचा आवाज. झुंबरबाईचा आवाज भोंग्याशिवाय बाजारतळापर्यंत पोचतो. म्हशीनं दावं तोडलं होतं आणि ती आबासाहेबांच्या अंगणातून पुढं निघाली होती. शमशेरनं पिन उचलली आणि मग खाली वाकून बघितलं.

"तरीच! खटका नव्या रेकॉर्डीचा होता. ही जुनी, जोरात फिरवावी लागती. तुमचा चेला पार झोपेत वाजवत हुता, भाऊसाहेब."

खटका बदलून लगेच लावू, असं तो म्हणाला. पण दारात झुंबरबाई उभी होती. हातात तुटलेलं दावं होतं.

"कुनाला मारीत हुता रं?" तिनं शमशेरला विचारलं. मग माझ्याकडं वळली. "भाऊसाहेब, तुमी शिकलेली मानसं. माजी म्हस पान्हा चोरायला लागली तर दूध तुमी देनार का? मी आत्ता जाते चौकीत. इचारते, परवानगी हाय का भोंग्याची?"

परवानगी! हा शब्द ऐकला आणि माझ्यातला अव्वल कारकून जागा झाला. बाई म्हणत होती ते बरोबरच होतं. भोंग्याला परवाना लागतो. तो आमच्याच कचेरीतून मिळतो. मी म्हणालो, "मावशी, परवाना काढल्याशिवाय आता पिनसुद्धा टेकणार नाही." ती गेली. मी त्याच क्षणी शमशेरला दार लावून तबकडी लावायला सांगायला हवं होतं, असं सौ.चं आजही म्हणणं आहे. पण सौ. कचेरीत नोकरीला नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज केला. अर्ज आवक झाला, शिक्का बसला आणि रीतसर टेबलावर आला. टेबल माझंच होतं. आता स्वतःचा अर्ज आहे म्हणून डोळे झाकून सही करायची, अशी माझी वागणूक कधीच नव्हती. मी अर्ज बारकाईनं वाचला आणि मला त्यात त्रुटी आढळल्या. कार्यक्रमाचं स्वरूप स्पष्ट नव्हतं. वेळ दिलेली नव्हती. मी शेरा मारला, 'अर्जदाराने खुलासा करावा', आणि अर्ज मला परत पाठवला. मी खुलासा केला. तो मला समाधानकारक वाटला नाही.

मामलेदारांनी मला आत बोलावलं. "टोकेकर, हा पत्रव्यवहार तुमचा तुमच्याशीच चाललाय का?"

"हो, रावसाहेब. पण नियम तो नियम."

"मिटवा एकदाचं तुम्ही दोघांनी," रावसाहेब म्हणाले.

अडचण खरी होती. परवान्यात कार्यक्रमाचे प्रकार छापलेले असतात : लग्नकार्य, धार्मिक, राजकीय सभा, तमाशा. त्यात 'ऐकणे' हा प्रकारच नव्हता. मी पेन हातात धरून बसलो होतो, तेव्हा आमचा शिपाई गहिनीनाथ चहा घेऊन आला.

"कसलं एवडं इचारात पडलाव, भाऊसाहेब?"

"अरे, चेलो ऐकायचाय, तो कशात घालायचा?"

"चेलो म्हंजी चेलाच की! बाजारातले मारवाडी शेट चेलोच म्हनत्यात. धार्मिकमदी घाला. पन कुनाचा चेला म्हनायचा? मढीच्या कानिफनाथांचा, का आमच्या गहिनीनाथांचा?"

स्वतःच्या नावामुळे नाथपंथावर आपला काही हक्क आहे, असं त्याला वाटतं. मी त्याला वाद्याची सगळी माहिती सांगितली. गज कसा असतो, तारा किती, लाकूड कुठलं. त्यानं मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि जाताना टायपिस्टला काय सांगितलं कोण जाणे. मी मात्र कंटाळून 'धार्मिक'वर खूण केली होती. वेळेच्या बाबतीत मात्र मी अर्जदाराला सवलत दिली नाही. रविवार, सकाळी दहा ते अकरा, आणि खाली माझ्या हातानं लिहिलं : 'अकरानंतर ध्वनिक्षेपक चालू आढळल्यास परवानाधारकावर कारवाई करण्यात येईल.' सही करताना अर्जदार जरा वरमला असावा.

परवाना टाइप होऊन एक प्रत पोलिसांत गेली, एक कचेरीच्या फलकावर लागली. फलक मी कधी वाचत नाही; तो जनतेसाठी असतो. जनतेनं तो वाचला. त्यावर लिहिलं होतं : 'सुप्रसिद्ध चेला श्री. फेलिक्स ओरबाडे (परदेश) यांचे वादन. स्थळ : टोकेकर यांचे घर.'

रविवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो, तर अंगणात माणसं बसलेली. बाया नारळ घेऊन आल्या होत्या. एक म्हातारा दुखरा गुडघा घेऊन आला होता. खेड्यांवरून एक बैलगाडी आली होती आणि बैल आमच्या मरव्याला तोंड लावत होते. सौ. चहाच्या आधणात पाणी वाढवत होती. जुन्या वायसरचा स्टोव्ह फरफरत होता आणि ती माझ्याकडं बघतही नव्हती.

"बाबा कुटं बसनार?" एका बाईनं विचारलं.

मी उंबऱ्यावर उभा राहून सांगितलं, की बाबा नाही, चेला नाही, हे एक वाद्य आहे. लोकांनी आदरानं ऐकून घेतलं. "परगट हुनार न्हाईत, नुसता आवाज येनार," असा गहिनीनाथानं त्याचा अर्थ करून सांगितला. सगळ्यांच्या माना हलल्या आणि माझ्या बोलण्यानं गर्दी आणखी वाढली. शमशेरनं मशीन पाटावर ठेवलं तेव्हा कुणीतरी त्याला हळद-कुंकू वाहिलं. झुंबरबाई पुढच्या रांगेत होती. म्हस तिनं आधीच लांबच्या मळ्यात नेऊन बांधली होती.

आबासाहेब अर्थातच अध्यक्ष झाले. त्यांना कुणी केलं, हे मला माहीत नाही. त्यांनी भाषण सुरू केलं : "नाथपंथाचा प्रसार युरोपात झाला होता काय, या विषयावर मी आज पुरावे देणार नाही, कारण वेळ नाही..." मी घड्याळ बघितलं. दहा वाजून गेले होते. चालेल, मी मनाशी म्हणालो. दहा मिनिटांत हे आटपतील. मी मशीनजवळ, अगदी जवळ, खुर्ची मांडली. कान यंत्राकडे केले. चष्मा पुसला.

तेवढ्यात खांद्यावर कुणाचातरी हात पडला. पोलिस होता.

"भाऊसाहेब, फौजदारसायबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

मी शमशेरला बजावलं, "मी येईपर्यंत लावू नका." आणि निघालो.

फौजदार नवे होते, बदलून आलेले. त्यांच्यापुढं परवान्याची प्रत होती.

"टोकेकर, तुमच्याकडं परदेशी इसम उतरलाय. त्याची नोंद आमच्याकडं का नाही?"

"साहेब, कुणीही उतरलेलं नाही."

"फेलिक्स ओरबाडे?"

"ओरबान. ते आलेले नाहीत."

"मग वाजवणार कोण?"

"तेच वाजवणार. ते रेकॉर्डवर आहेत."

फौजदारांनी टेबलावरची टोपी उचलून डोक्यावर घातली. पोलिसखात्यात रेकॉर्डवरचा म्हणजे कोण, हे मला नोकरीत इतकी वर्षं काढून ठाऊक असायला हवं होतं.

"रेकॉर्डवरचा आहे? कुठल्या ठाण्याच्या?"

"लंडनच्या." लेबलावर तसंच होतं.

"पहिल्यापासून रेकॉर्डवर आहे?"

"अगदी तरुणपणापासून, साहेब. सुरुवातीचंच रेकॉर्ड महत्त्वाचं मानतात. नंतरची कामं बरीच आहेत, पण त्यांत ती धार नाही."

"धार," फौजदारांनी पोलिसाला खूण केली. पोलिस दारात आडवा उभा राहिला. "साथीदार?"

"एक पियानोवाला असतो मागे. नाव नाही दिलेलं."

"नाव देत नाहीत ते," फौजदार खिन्नपणे म्हणाले. "आणि तुमचा त्याच्याशी संबंध कसा आला?"

"नगरच्या जुन्या बाजारात."

चौकीच्या बाजूला पिठाची गिरणी आहे. तिचं पुकपुक पुकपुक इतक्या जोरात चाललेलं असतं, की फौजदारांना प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागे आणि माझं प्रत्येक उत्तर दोनदा अंगाशी येई. रेकॉर्ड म्हणजे गाण्याची तबकडी हे त्यांना पटेपर्यंत चौकीतल्या घड्याळाचे काटे कुठल्या कुठं गेले होते. पटल्यावर मात्र ते मोठ्यानं हसले, मला चहा पाजला, तो चहा मी तोंड भाजून घेत प्यालो, आणि जवळजवळ धावतच घरी आलो. अव्वल कारकून रस्त्यानं धावताना गावानं त्या दिवशी प्रथमच पाहिला असता. पाहायला गाव रस्त्यावर नव्हतं, एवढंच नशीब.

अंगणात शंभरएक माणसं होती आणि कुणी उठायला तयार नव्हतं. शमशेर पिन पुसत होता.

"वाजली?" मी विचारलं.

"आबासायब म्हनले, परवाना अकरापतोर हाय, लाव. लावली. मग लोक म्हनले पुन्यांदा. दुसरी बाजू झाली. पुन्यांदा पहिली झाली." शमशेरचा आवाज खाली आला होता. "भाऊसाहेब, काय चीज आनलीत तुमी!"

गुडघा घेऊन आलेला म्हातारा डोळे पुसत होता. आबासाहेब गप्प होते, यावरून काय ते समजा. झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला होता. तिनं माझ्याकडं बघितलं.

"काय दुखत हुतं वो त्या बाबाला?"

"काय की, मावशी."

"लई दुखत हुतं. पन वरडला न्हाई. आधी हळू हळू सांगितलं, मंग जरा रागावला, मंग त्याला आपसूक बरं वाटाय लागलं. शेवटाला तर माज्याच पाठीवरनं हात फिरवल्यावानी झालं." तिनं नाक ओढलं. "तुमाला ठावं आसंल. तुमी रोजच ऐकत आसाल."

"लावू का परत, भाऊसाहेब?" शमशेर म्हणाला. "तुमच्यासाठी?"

सगळं अंगण माझ्याकडं बघायला लागलं. माझ्यामागोमाग येऊन पोचलेला पोलिसही बघायला लागला. मग त्यानं हातातलं घड्याळ बघितलं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. परवाना मशीनच्या बाजूला नारळाखाली ठेवला होता. त्यावर माझी सही होती, लफ्फेदार, आणि तिच्यावरची ओळ मला इतक्या लांबूनही दिसत होती.

"नियम तो नियम," मी म्हणालो. मला इतका राग आला, की कुणाचा राग यावा तेच कळेना. मग तो समोर होता त्या शमशेरवर निघाला. "घेऊन जा ती तबकडी! मला या घरात नको. न्या!"

लोकांना वाटलं, मी दान केलं. कुणीतरी जयघोष केला. शमशेरनं तबकडी कपाळाला लावली आणि पेटीत ठेवली.

पुढं जे झालं ते मी कुणाला करायला सांगितलं नव्हतं. लग्नसराई तोंडावर होती. शमशेरनं एका लग्नात, नवरी गाडीत बसताना, ती तबकडी लावली. मांडवातल्या बाया अशा रडल्या, की वरपक्षालाही रडावं लागलं. तिथून बातमी पसरली. तालुक्यात त्या उन्हाळ्यात चेल्याशिवाय नवरी निघेना. शमशेरला सुपारी देताना लोक आधी विचारत, "चेला हाय न्हवं?" आणि कुणाचा चेला, या प्रश्नाचा निकाल गावानं आपल्यापुरता लावून टाकला. "आमच्या भाऊसाहेबांचा," गहिनीनाथ कचेरीत आलेल्या प्रत्येकाला सांगू लागला. बाजारातून जाताना पोरं मला गुरुजी म्हणू लागली.

गुरूनं चेल्याला अजून ऐकलंच नव्हतं! हे सांगायची सोय नव्हती. आणि 'ती तबकडी जरा परत द्या' म्हणायला शमशेरच्या दुकानाची पायरी चढणं माझ्या प्रतिष्ठेत बसत नव्हतं. दान परत मागतात का?

तेव्हा मी लग्नांना जायला लागलो. पत्रिका आली की जायचं. पत्रिका आली नाही तरी पलीकडच्या गल्लीतल्या मांडवात डोकवायचं. ओळख नसलेल्या वधूपित्यांना मी मिठ्या मारल्या. बुंदी खाऊन खाऊन मला बुंदीचा रंग यायला लागला. आणि दर वेळी काहीतरी आडवं यायचं. एके ठिकाणी वरपक्षाची एस.टी. सुटायला आली होती, म्हणून नवरी धावतच काढली. दुसरीकडं पिन टेकली आणि नवरदेवाच्या मामानं बँडवाल्यांना सुरुवात करायला लावली. एकदा सगळं जुळून आलं, तर यजमानांनी मला हाताला धरून जेवायला आत नेलं. "गुरुजी, तुमी काय, रोजचंच ऐकताय," ते म्हणाले. मी जिलबी खात राहिलो आणि बाहेर, भिंतीपलीकडं, काहीतरी चाललेलं होतं.

सौ.नं एकदा विचारलं, "अहो, त्या दिवशी मी ऐकली ना चहा गाळताना. सांगू का कशी होती?"

"नको," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी पिठलं माझ्या आवडीचं झालं होतं.

वैशाख संपत आला आणि झुंबरबाईच्या नातीचं लग्न निघालं. मांडव आमच्या दोघांच्या अंगणात मिळून पडला. झुंबरबाईनं नातीला आईमागं एकटीनं वाढवलेलं. म्हशीच्या दुधावर. लग्नाच्या आदल्या दिवशीच तिनं शमशेरला दम भरला, "चेला लावायचा. खटका नीट बघ. न्हाईतर म्हस सोडीन तुज्यावर."

लग्न लागलं, जेवणं झाली. दुपार कलली. गाडी दारात लागली. नात आजीच्या गळ्यात पडली आणि बाया रडायच्या बेतात आल्या. मी मुद्दाम भोंग्याच्या खांबाला टेकून उभा होतो. बँड वरच्या आळीला गेला होता. एस.टी.चा प्रश्न नव्हता. मला जेवायला न्यायला आलेल्या माणसाला मी सरळ सांगितलं, "मी जेवलोय, दोनदा जेवलोय, मला हात लावू नका." शमशेरनं माझ्याकडं बघून नमस्कार केला आणि पिन टेकवली.

आधी नुसती खरखर आली. मग ती खरखर बाजूला सारून एक आवाज आला. खालच्या पट्टीतला, घरातल्या कमी बोलणाऱ्या थोरल्या माणसाचा असतो तसा. त्यानं काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला, पुन्हा सुरुवात केली. झुंबरबाई म्हणाली होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. दुखत होतं त्याला. पण तो ओरडत नव्हता. मला कचेरी आठवली नाही, दिवाळी अंक आठवला नाही, त्या मुंबईच्या गृहस्थांचं नावही आठवलं नाही. समोर गाडी होती, नात होती, आणि सगळं एकाएकी धूसर झालं. काय झालं म्हणून मी चष्मा काढला. तेव्हा कळलं, की चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

मग तो आवाज वर वर गेला, जरा रागावला, आणि हळूहळू उतरायला लागला.

कुणीतरी माझा हात धरला. झुंबरबाई होती. तिचेही डोळे वाहत होते.

"भाऊसाहेब, पोरगी माजी चाललीय. तुमी का रडता?" ती म्हणाली. "आन् चष्मा घाला आधी, आंधळ्यावानी गाडीम्होरं उभं ऱ्हायलाव."

चष्मा माझ्या हातात होता. तो कानावर अडकवायची मला अजिबात घाई नव्हती.

"थांबा, मावशी," मी म्हणालो. "एवढं संपू द्या."